हालगे सरांनी दाखवलेली वाट

सिरसाळ्याच्या शाळेत मन्मथ हालगे सर एकोणतीस वर्षं भूगोल शिकवत होते. त्यांचे बाकीचे धडे पोरं विसरून जायची, पण युरोप विसरायची नाहीत. युरोप आला की सरांच्या अंगात वारं शिरायचं. खडू फळ्याला टेकला की हात न उचलता ते नॉर्वेच्या टोकापासून निघत, खाली येऊन स्पेनला वळसा घालत, इटलीचा बूट काढत, ग्रीसच्या चिंध्या लोंबत्या सोडत आणि थेट काळ्या समुद्रापाशी येऊन थांबत. तेवढा वेळ मागच्या बाकावरची पोरंही गप्प बसायची. मग सर हात झटकून सांगत, ऱ्हाइन कुठं उगम पावते, रूरच्या खोऱ्यात काय सापडतं, आणि स्वित्झर्लंडात आल्प्स पर्वत फोडून केलेला सेंट गोथार्डचा बोगदा किती लांबीचा आहे. "पंधरा किलोमीटर. म्हणजे इथून आत शिरलात तर पार परळीच्या अलीकडं बाहेर निघाल. मध्ये उजेड नाही." हे वाक्य गावातल्या दोन पिढ्यांना पाठ होतं.

स्वतः सर हैदराबादच्या पुढं कधी गेले नव्हते. तेही एका चुलत्याच्या लग्नाला. समुद्र त्यांनी बघितला नव्हता. अंबाजोगाईला बी.एड. केलं, उदगीरकडची शिवम्मा करून आणली, आणि नोकरी गावातच मिळाली म्हणून तिथंच राहिले. घराला लागून भावाचं किराणा दुकान होतं. सर सुट्टीच्या दिवशीही त्या दुकानात बसत नसत. गिऱ्हाइकानं गूळ मागितला आणि सर गूळ कुठल्या हवामानात चांगला होतो ते सांगत बसले, असं एकदा झालं होतं. तेव्हापासून भावानंच हात जोडले होते.

त्यांना एकच मूल, ईश्वरी. पोरगी हुशार निघाली. औरंगाबादला इंजिनिअरिंग झालं आणि सत्त्याण्णव साली तिला जर्मनीत पुढं शिकायला शिष्यवृत्ती मिळाली. गावाला ते खरंच वाटेना. दूध संघाचे चेअरमन मोहनराव हे गावचे पुढारी. त्यांनी चौकात मांडव घालून तिचा सत्कार केला आणि भाषणात दोनदा, "आपली लेक अमेरिकेला चालली," असं म्हणाले. सर खाली बसल्या बसल्या हळूच "जर्मनी, जर्मनी" म्हणत होते, पण माइक मोहनरावांच्या हातात होता.

फोन यायचा तो सुग्रीवच्या बूथवर. सुग्रीव सरांचाच विद्यार्थी. एक पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला. एसटी स्टँडासमोर त्यानं काचेची खोली करून पिवळा बोर्ड लावला होता. ईश्वरी एकदा फोन करून नुसतं "आप्पांना बोलवा" एवढं सांगायची आणि दहा मिनिटांनी पुन्हा लावायची. तेवढ्या दहा मिनिटांत सुग्रीव शेजारच्या पानटपरीवरून कुणाला तरी पिटाळायचा, आणि सर शाळेतून असो की घरातून, चपला फटफट वाजवत यायचे. मागून पदर सावरत शिवम्मा.

अठ्ठ्याण्णवच्या जुलैत ईश्वरी फोनवर म्हणाली, "आप्पा, सुट्टी लागली. मी फिरायला चालले. एक महिन्याचा रेल्वेचा पास मिळतो, कुठंबी जाता येतं. इथली सगळी पोरं जातात. पाठीवर एक पिशवी घ्यायची अन् निघायचं."

"संगं कोन हाय?"

"एक मैत्रीण येनार होती, तिचं रद्द झालं. मी एकटीच."

सरांनी हे शिवम्माला सांगितलं तेव्हा तिनं आधी ते नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पाठीवर बोचकं घेऊन महिनाभर परमुलखात? आपल्याकडं दसरा झाला की लोकं जातेत तशी? ती बिचारी ऊस तोडायला जातेत. हिला काहून जायचंय?"

"बघायला."

"काय बघायला?"

 मनातून सरांना आनंद झाला होता, आणि तो लपवताही येत नव्हता. जे त्यांनी फळ्यावर हजार वेळा काढलं, त्यातून त्यांची पोरगी आगगाडीनं जाणार होती. त्या रात्री जेवण झाल्यावर त्यांनी जुना ॲटलास काढला. त्यात जर्मनी अजून दोन होत्या. सरांनी पातळ कागद ठेवून नकाशा उतरवून घेतला आणि पेन्सिलनं वाट आखली. पॅरिस, मग खाली समुद्राकाठानं इटली, रोम, फ्लॉरेन्स, मिलान. परत येताना सरळ वर स्वित्झर्लंडमधून. तो कागद त्यांनी पाकिटात घालून धाडून दिला.

पुढच्या फोनवर ईश्वरी हसत होती. "आप्पा, कागद मिळाला. पन येताना मी ऑस्ट्रियातून येनार हाय. तिकडून सोपं पडतं."

"ऑस्ट्रियातून लांबचा फेरा हाय. मिलानहून नीट वर ये. गोथार्डचा बोगदा लागतो."

"आप्पा..."

"अगं, जन्मभर मी तो पोरांना सांगत आलो. तू आतून जाऊन तर बघ. मग मला सांग कसं वाटतं."

 मग ती म्हणाली, "बरं. तुमच्यासाठी."

ऑगस्टच्या पहिल्या तारखेला ती निघाली. त्यानंतर तीन-चार दिवसांआड फोन येऊ लागला, आणि बूथवर त्या वेळेला माणसं जमू लागली. सर काचेच्या खोलीत उभे राहून जे ऐकायचे ते बाहेर येऊन सांगायचे. पॅरिसला तिनं भाजीचं सार म्हणून मागवलं आणि वाटीच्या तळाशी मटणाचे बारके तुकडे निघाले. तेव्हापासून चार दिवस नुसता पाव आणि टोमॅटो. नव्या बुटांनी दोन्ही टाचा सोलून निघाल्या, म्हणून ती पॅरिस शहर स्लीपर घालून हिंडली. एका धर्मशाळेसारख्या जागी एका खोलीत आठ पोरी झोपायच्या, त्यातल्या एकीनं चुकून हिचाच टॉवेल नेला, तर हिनं आठवडाभर ओढणीनं अंग पुसलं.

लोक हसायचे. शिवम्मा हसायची नाही. ती एवढंच विचारायची, "जेवली का? लिंग गळ्यात हाय का?" लिंगायताच्या पोरीनं इष्टलिंग अंगावेगळं करू नये, आणि पोरगी सार्वजनिक न्हाणीघरात अंघोळी करत होती, याचा तिच्या जिवाला घोर लागला होता.

ईश्वरी बाकीही सांगायची. "आप्पा, आपल्या तेलगावच्या वाटेला सूर्यफूल असतं ना, तसलंच रान हितं हाय. पन दिवसभर गाडीतून बघितलं, रानात एकबी बाई दिसली न्हाई. सगळं आपोआप उगवल्यावानी." एकदा म्हणाली, "दहा दिवस झाले आप्पा, मला कोनीच विचारलं न्हाई, कुठून आलीस, कुठं चाललीस. आधी बरं वाटलं. आता कसंतरी वाटतंय."

मग इटलीतून फोन आला तो चिडका होता. "आप्पा, तुमचं फ्लॉरेन्स मला सापडलंच न्हाई! गाडीत बसून वाट बघत होते फ्लॉरेन्स कधी येतंय. पाटीवर फिरेंझे आलं, मी बसून राहिले. निम्मी गाडी उतरली. नंतर कळलं, तेच फ्लॉरेन्स. हितं त्याला फ्लॉरेन्स कोनीच म्हनत न्हाई. पुढं तासभर लांब कुठल्यातरी गावाला उतरले अन् पावसात बसले."

"मग व्हिएन्नाला काय म्हनतेत?"

"वीन."

"अन् म्युनिक?"

"म्युनशेन. तुमी शिकवलेलं एक नाव हितल्या पाटीवर न्हाई आप्पा."

ती हसतच बोलली होती. पण सर बूथच्या बाहेर आले तेव्हा लोकांना त्यांनी त्या दिवशी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात सातवीला इटली होता. फळ्यावर शहरं भरताना फ्लॉरेन्सपाशी त्यांचा खडू थांबला. पोरं वाट बघत बसली. सरांनी नुसता ठिपका काढला आणि पुढं गेले.

अठरा ऑगस्ट, मंगळवार. दुपारी मधली सुट्टी संपता संपता निरोप आला. आज आधी फोन आणि मग दहा मिनिटांनी दुसरा, असं झालं नव्हतं. सुग्रीव स्वतःच कुबडी टेकत शाळेच्या फाटकापर्यंत आला होता. एवढं अंतर तो कधी चालत नसे.

"सर, ती रडत होती. लवकर बोलवा म्हनली, तेवढ्यात फोन कट झाला. पुन्हा लावती का बघू."

सर बूथवर जाऊन बसले. शिवम्माही आली. तासाभरानं घंटी वाजली.

"आप्पा, मला गाडीतून उतरवलं. स्वित्झर्लंडचा व्हिसा वेगळा लागतो. बाकी सगळीकडं एकच चालतो, ह्यांचाच न्हाई. पोलिसानं खाली बोलावलं, पासपोर्ट घेतला, अन् गाडी निघून गेली. बॅग वरच राहिली आप्पा. सगळं त्यातच..." मध्ये कसला तरी आवाज झाला. "नाणी संपली. आप्पा, मी आता..."

एवढंच. सर "ईश्वरी, ईश्वरी" करत राहिले. सुग्रीवनं हळूच त्यांच्या हातातून रिसीव्हर घेऊन जागेवर ठेवला. लाइन मोकळी राहायला हवी होती.

फोन पुन्हा आला नाही. संध्याकाळी बूथ बंद व्हायच्या वेळेला शिवम्मा उठली.  घराच्या पायरीवर आल्यावर म्हणाली, "ती दुसऱ्या वाटेनं येनार होती ना?"

सर म्हणाले, "होय."

शिवम्मानं त्यावर पुन्हा कधी तो विषय काढला नाही. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर सरांना बरं वाटलं असतं.

बुधवारी सकाळी सर मोहनरावांच्या वाड्यावर गेले. मोहनरावांनी मन लावून ऐकलं. माणूस मनानं चांगला होता. "सर, तुमी घाबरू नका. आपली लेक हाय. कुठं अडली ते फक्त सांगा, आत्ता फोन लावतो." त्यांनी खरोखरच मुंबईला आपल्या साहेबांच्या माणसाला फोन लावला. पलीकडून काय विचारलं जात होतं ते सरांना मोहनरावांच्या उत्तरांवरून कळत होतं. "न्हाई हो, तालुका न्हाई... देश हाय... स्वित्झर्लंड... न्हाई, आपल्या पक्षाचं तिथं कोनी न्हाई..." शेवटी मोहनरावांनी फोन ठेवला आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "सांगतो म्हनले," एवढंच ते म्हणाले. सरांना सोडायला ते फाटकापर्यंत आले. एरवी ते कुणाला फाटकापर्यंत सोडत नसत.

त्याच दुपारी गावातले सगळे फोन बंद पडले. रस्त्याचं रुंदीकरण चाललं होतं आणि खोदणाऱ्या मशीननं जमिनीतली केबल तोडली होती. सुग्रीव रिसीव्हर कानाला लावायचा, ठेवायचा, पुन्हा लावायचा. लाइनमननं खड्ड्यात डोकावून सांगितलं, "परळीहून मानूस येईल तवा." तो कधी येईल हे त्यालाही माहीत नव्हतं.

आता सरांची वेगळीच अडचण झाली. फोन कुठून तरी करायचा तर गाव सोडून जावं लागणार. पण ईश्वरीकडं नंबर होता तो फक्त सुग्रीवचाच. मध्येच केबल जोडली गेली आणि तिचा फोन आला तर? बसून राहावं तर समोरचा फोन मुका, आणि जावं तर जायचं कुणाकडं? शेवटी शिवम्मा म्हणाली, "मी बसते फोनपाशी. तुमी बीडला जा."

गुरुवारी सर बीडला गेले. एका सरकारी कचेरीत पासपोर्टचं टेबल असतं असं कुणीतरी सांगितलं होतं. टेबलामागच्या कारकुनानं त्यांना बसायला खुर्ची दिली, कारण तोही कधीतरी कुणा गुरुजींचा विद्यार्थी होताच. "सर, माझ्याकडं पासपोर्ट काढायचा फॉर्म हाय. बाहेर अडकलेल्या मानसाचा कसलाच फॉर्म न्हाई. असता तर दिला असता." त्यानं कुठून तरी शोधून दिल्लीतल्या स्विस वकिलातीचा नंबर मात्र कागदावर लिहून दिला.

सर स्टँडाजवळच्या बूथवर गेले. फोन लावण्याआधी त्यांनी बोलायचं ते इंग्रजीत कागदाच्या मागं लिहून काढलं. चार वाक्यं होती, आणि ती चारही व्याकरणानं बरोबर होती. फोन लागला. पलीकडं बाईंनी काहीतरी भरभर विचारलं. सरांना त्यातलं एक अक्षर कळलं नाही. त्यांनी आपलं पहिलं वाक्य वाचलं. बाईंनी पुन्हा विचारलं, या वेळी आणखी भरभर. सरांनी दुसरं वाक्य वाचलं. मग पलीकडं कुणाला तरी हाक मारल्यासारखं झालं, वाट बघायला लावली, संगीत वाजू लागलं. खूप वेळानं एका पुरुषानं फोन उचलला आणि तोही तसंच काहीतरी विचारू लागला. सरांच्या तोंडून "थँक यू" निघालं आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

बूथच्या बाहेर येऊन ते एका रसवंतीच्या बाकड्यावर बसले. एकोणतीस वर्षांत हजारभर पोरांना त्यांनी तो देश शिकवला होता. त्याची राजधानी, त्याची सरोवरं, तिथली घड्याळं, दुधाचा धंदा. तिथं समुद्र नाही हेही शिकवलं होतं. त्या देशाच्या दारात आपली पोरगी उभी आहे आणि तिला आत का घेत नाहीत, हे मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हतं. आता या घडीला कोणती गाडी तिला कुठं नेत असेल, की ती कुठं बसून असेल, हेही त्यांना कळायला मार्ग नव्हता. रसवाल्यानं विचारलं, "मामा, रस देऊ का?" तेव्हा ते उठले आणि सिरसाळ्याच्या गाडीत बसले.

शनिवारी पोळा होता. बैलांच्या शिंगांना रंग, अंगावर झुली, ढोल-ताशे. मिरवणूक स्टँडावरून गेली तेव्हा शिवम्मा बूथच्या पायरीवर बसली होती आणि सर आत. लोक वळून बघायचे आणि पुढं जायचे. कुणी विचारलं की सर म्हणायचे, "बघू, येईल फोन." शेजारची दगडाबाई नारायणगडाहून आणलेला अंगारा पुडीत बांधून देऊन गेली. शिवम्मानं कपिलधारच्या देवाला पायी जायचा नवस मनात बोलला. सर देवधर्माचे फारसे नव्हते, पण त्यांनी अंगाऱ्याची पुडी खिशात ठेवली. दुसरं करण्यासारखं काहीच नव्हतं आणि खिशात ती असली तर काही बिघडत नव्हतं.

शाळेत ते गेले नाहीत. रविवार गेला, सोमवार गेला. मंगळवारी गणपती बसले. परळीचा माणूस सणामुळं आला नाही. सुग्रीव रोज सकाळी बूथ उघडून रिसीव्हरवरची धूळ पुसायचा. एकदा तो म्हणाला, "सर, फोन बंद हाय म्हनून ती लावीत असंल अन् लागत नसंल. तसंबी असंल ना?" सर म्हणाले, "असंल." दोघांनाही त्याचा थोडा आधार वाटला. थोडाच वेळ.

बुधवारी दुपारी केबल जोडली गेली. संध्याकाळी सहाला फोन आला.

"आप्पा? मी हॉस्टेलवर पोचले. काल पोचले. किती दिवस लावतेय, लागतच नव्हता."

 सरांनी रिसीव्हर शिवम्माच्या हातात दिला. शिवम्मानं विचारलं, "लिंग गळ्यात हाय का?" तिकडून होय आलं. तेव्हा कुठं तिनं डोळ्याला पदर लावला.

ईश्वरीनं सगळं थोडक्यात सांगितलं. पोलिसांनी तासाभरात पासपोर्ट परत दिला आणि तिला मागच्या गाडीनं इटलीत, कोमो नावाच्या गावाला परत पाठवलं. तिथं एक बाई भेटली, तिनं मदत केली. मग पास खिशातच होता, ऑस्ट्रियाच्या वाटेनं ती परत आली. बॅग काही सापडली नाही. "सगळं ठीक हाय आप्पा. काळजी करू नका."

"माझ्यामुळं झालं," सर म्हणाले.

"न्हाई हो आप्पा. व्हिसाचं मीच बघायला पाहिजे होतं."

तो विषय तिथं संपला. निदान ईश्वरीच्या बाजूनं तरी संपला. सरांनी मात्र त्यानंतर तिला कधीच काही सुचवलं नाही. तिनं शिक्षण संपवून तिथंच नोकरी धरली, तेव्हाही ते "तुला बरं वाटेल ते कर" एवढंच म्हणाले. वर्गात युरोप यायचा, पण आता तो दोन तासांत संपायचा. गोथार्डचा बोगदा किती किलोमीटर, हे पुस्तकात होतं तेवढं पोरं वाचून घ्यायची.

दुसऱ्या वर्षी दिवाळीला ईश्वरी तीन आठवड्यांसाठी आली. घर भरून गेलं. चुलत्याची माणसं, दगडाबाई, सुग्रीव, खुद्द मोहनराव. सगळ्यांना तिच्या प्रवासाच्याच गोष्टी हव्या होत्या, आणि तीही आता त्या रंगवून सांगू लागली होती. भाजीचं सार, ओढणीचा टॉवेल, फिरेंझे. माणसं पोट धरून हसत होती. सरही हसत होते. मग ती कोमोवर आली.

"नाणी संपली, फोन कट. बॅग गेलेली. अंगावर एक शर्ट. मी स्टेशनावरच्या बाकड्यावर बसले ती बसलेच. दुपारपासून ताप भरला होता, पन मला वाटलं उन्हानं आलाय. दुसऱ्या दिवशी उठताच येईना. तिथं एक म्हातारी पेपर विकायची. पिया तिचं नाव. तिनं कपाळाला हात लावला अन् ओरडायलाच लागली! मला वाटलं भांडती हाय. मी म्हनते, आई, मी काई केलं न्हाई. मराठीत! ती तिच्या भाषेत, मी माझ्या." माणसं हसली. "दुकान बंद करून मला ओढत घरी नेलं. तीन दिवस मी तिच्या पलंगावर. मला तर शेवटी असं वाटायला लागलं की आता मी हितंच मरते. कोनाला कळनारबी न्हाई. मी तिला सिरसाळ्याचा पत्ता लिहून दिला होता, तर तिनं तो कागद येशूच्या फोटोमागं खोचून ठेवला!"

माणसं पुन्हा हसली. मोहनराव टाळी देऊन हसले. ईश्वरीही हसत होती. सर हसता हसता थांबले होते. त्यांनी शिवम्माकडं बघितलं. ती चकल्यांचं ताट हातात धरून दारात तशीच उभी होती.

पाहुणे गेल्यावर ओसरीत बापलेक दोघंच राहिले. सर म्हणाले, "तापाचं काहून सांगितलं न्हाईस तवा?"

ईश्वरीनं त्यांच्याकडं साधेपणानं बघितलं. "सांगून तुमी काय केलं असतं आप्पा?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिनं खरंच विचारलं होतं. सरांनी बराच विचार केला. मोहनरावांचा फोन, बीडची कचेरी, कागदामागं लिहिलेली चार वाक्यं. 

मग त्यांनी विचारलं, "त्या पियाबाईचा पत्ता दे. मी पत्र लिहितो."

"पत्ता न्हाई माझ्याकडं. घर दाखवता येईल मला, पन पत्ता न्हाई. आडनावबी माहीत न्हाई. परत गेल्यावर एकदा स्टेशनाच्या पत्त्यावर धाडलं होतं. उत्तर आलं न्हाई."

"घर कसं होतं?"

ती सांगू लागली. दोन जिने, खाली सायकली, खिडकीत तुळशीसारखं कसलंतरी झाड, पियाचा एक मुलगा समुद्रात बुडून गेलेला, त्याचा फोटो. सर एकेक विचारत राहिले. पलंग कुठं होता, पाणी कोण देत होतं, ती बाई रात्री कुठं झोपायची. ईश्वरीला झोप यायला लागली तरी ते विचारत होते. शेवटी आतून शिवम्मा म्हणाली, "झोपू द्या तिला." तेव्हा ते उठले.

निघायच्या दिवशी शिवम्मानं एक वेगळी पिशवी भरली. हिरवा खण, शेंगदाण्याची चटणी, आणि विभूतीची लहान वडी. "ह्ये त्या बाईला दे."

"माय, ती दुसऱ्या देशात हाय. मी तिकडं जानार न्हाई."

"गेलीस तर."

 ईश्वरीनं ती पिशवी मोठ्या बॅगेत घातली.

औरंगाबादची गाडी वेळेवर आली. सुग्रीव बूथ सोडून स्टँडात आला होता. सरांनी बॅग टपावर चढवून दिली, मग खिडकीखाली येऊन उभे राहिले. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली होती आणि आवाजात नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून ते टाचा उंचावून खिडकीच्या गजाजवळ आले.

"ताप-बिप आला, काई झालं, तर सांगत जा," ते म्हणाले. "मला काई करता येनार न्हाई. माहीत हाय मला. तरीबी सांगत जा."

ईश्वरीनं मान हलवली. "हो आप्पा."

लहानपणी शाळेत पडून गुडघा फोडून यायची आणि सांगत जा म्हटलं की असंच "हो आप्पा" म्हणून पुढच्या वेळीही लपवायची. गाडी वळून रस्त्याला लागली. शिवम्मा घराकडं निघाली होती. सर मात्र तिथंच उभे राहिले, आणि ईश्वरी आता सांगेल की सांगणार नाही याचा त्यांना काही अंदाज लागेना.